बत्ताशाचा कोट : एप्रिल ते नोव्हेंबर

२० एप्रिल २०२५, रविवार

आमच्या कुत्र्याच्या, बत्ताशाच्या, पाठीवरचा राठ केस, म्हणजे त्याचा मूळचा कोट, परत आणायचा, हे काम आजपासून सुरू. पाऊस लागायच्या आत जेवढं होईल तेवढं.

कारण लिहून ठेवते, मध्येच हात गळाले तर वाचायला. बत्ताशा वेस्टी आहे, म्हणजे वेस्ट हायलँड व्हाइट टेरियर. वय पाच, वजन साडेआठ किलो. आधीचं कुटुंब परदेशी गेलं म्हणून आमच्याकडे पार्ल्यात आला. आधीपासूनच त्याच्या अंगावर ठरावीक दिवसांनी पार्लरमध्ये मशीन फिरत आलंय, शेवटचं जानेवारीअखेर. दिसतो गोड, पण केस इतका मऊ झालाय की पाणी पडलं की शोषून घेतो आणि तासन्‌तास सोडत नाही. गेल्या पावसाळ्यात अंगाला वास, काखेत लाली आणि पंज्यांचं अखंड चाटणं, हे सगळं या ओलीपायीच वाढत गेलं अशी माझी खात्री आहे.

ही जात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची. आर्गाइल भागातल्या पोल्टॅलॉक इथल्या माल्कम घराण्याने ती वाढवली. ब्रिटनच्या केनेल क्लबने १९०७ मध्ये मान्यता दिली, अमेरिकेत १९०८ मध्ये मिळाली. खडकांच्या कपारीत शिरून कोल्हे-पाणमांजरांना हुसकावणं हे त्यांचं काम, आणि तो मुलूखही चांगलाच पावसाचा. म्हणून अंगावर दोन थर : वर साधारण पाच सेंटिमीटर लांबीचा सरळ, राठ केस आणि आत मऊ, दाट अंडरकोट. राठ केसावरून पाणी ओघळतं, चिखल वाळला की झडतो. म्हणजे पावसाची सोय त्याच्या अंगातच आहे, मशीनने ती दबून गेली.

मशीन केस मधोमध कापतं. सुटायला आलेला जुना केस मुळाशी तसाच अडकून राहतो, नव्या राठ केसाला यायला वाव मिळत नाही आणि अंडरकोटच वरचढ होतो. उपाय एकच, जुना केस हाताने मुळासकट काढायचा. याला हँड स्ट्रिपिंग म्हणतात. मुंबईत हे करणारं माणूस सहज सापडत नाही, म्हणून घरी.

२७ एप्रिल, रविवार

सामान जमवलं. गॅलरीतलं जुनं शिलाई मशीनचं टेबल बैठक म्हणून पक्कं केलं, वर रबरी मॅट. पाय घसरला की कुत्रा धास्तावतो आणि मग महिनाभर टेबलाचं नाव काढू देत नाही, त्यामुळे मॅटवर काटकसर नको.

स्टीलचा कंगवा (एका बाजूला दाट दाते, दुसऱ्या बाजूला विरळ), स्लिकर (बारीक तारांचा) ब्रश, विरळणीची कात्री, गोल टोकाची छोटी कात्री, नखं कापायचं यंत्र. क्लिपर, म्हणजे केस कापायचं मशीन, घरात आहेच, त्याचं दहा नंबरचं पातं फक्त पोट, जांघा आणि खालच्या स्वच्छतेच्या जागेसाठी. ते केस दीड मिलिमीटरवर आणतं. तुरटीची पूड छोट्या डबीत, नखातून रक्त आलंच तर दाबायला.

स्ट्रिपिंगसाठी खास सुऱ्या मिळतात, पण धार जास्त असली तर केस उपटायच्या ऐवजी कापला जातो आणि सगळं मुसळ केरात. मी बोटांनीच करणार. पकड यावी म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून नोटा मोजताना कॅशियर घालतात ती रबरी टोपणं आणली, अंगठ्याला आणि तर्जनीला.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. म्हणाले, “त्वचा कोरडी आणि गुलाबीसर-पांढरी असेल तिथेच करा. लाल दिसली, चिकट लागली, तर त्या जागेला हात लावू नका.” वेस्टींना त्वचेच्या ॲलर्जीचा त्रास इतर जातींपेक्षा जास्त होतो, तेव्हा ही अट कायमची.

४ मे, रविवार

पहिली बैठक. सकाळी, फिरून आल्यावर, पंख्याखाली. आंघोळ मुद्दाम घातलेली नाही. धुतलेला केस निसटतो, चार-पाच दिवस न धुतलेला बोटांत धरतो.

आधी विरळ दात्यांच्या कंगव्याने सगळं अंग विंचरलं. कानांमागे आणि गळपट्ट्याखाली दोन गाठी. कंगव्याने ओढल्या नाहीत. गाठीचं मूळ चिमटीत धरायचं, म्हणजे त्वचेला ताण बसत नाही, आणि टोकाकडून बोटांनीच सोडवत आत जायचं. गाठ ओली केली की घट्ट होते, म्हणून आंघोळीच्या आधी सोडवणं भागच.

मग मानेच्या मागून सुरुवात. डाव्या तळहाताने त्वचा ताणून धरायची. उजव्या हाताने अगदी थोडे केस, लांब दिसतात तेवढेच, टोकाजवळ पकडायचे आणि केस ज्या दिशेला पडतात त्याच दिशेला सरळ ओढायचे. मनगट वळवायचं नाही, ओढ खांद्यातून येऊ द्यायची. सुटायला आलेला केस जवळजवळ आपणहून हातात येतो, आवाज नाही, झटका नाही. येत नसेल तर सोडून द्यायचा, त्याची वेळ झालेली नाही. बत्ताशाने पहिल्या दोन-तीन चिमटींना मान वळवून पाहिलं, नंतर जांभई दिली आणि मॅटवर हनुवटी टेकवली. दुखत असतं तर हा कुत्रा गप्प बसणारा नाही.

हातात आलेला केस उजेडात धरून पाहिला. टोकाकडचा भाग कापलेला, बोथट. मुळाकडचा बारीक होत गेलेला. मुळासकट आला म्हणजे काम बरोबर चाललंय.

मानेपासून खांद्यापर्यंतचाच पट्टा केला. एका दमात सगळी पाठ मोकळी करायची नाही. मे महिन्याच्या उन्हात पांढऱ्या कुत्र्याची उघडी त्वचा भाजते, आणि आत्ता केसच तिचं छत्र आहे. थोडं थोडं, जागा बदलत.

आई (माझ्या सासूबाई) खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या. पहिल्यांदा म्हणाल्या, “अगं, उपटतेस काय बिचाऱ्याला!” शेवटी स्वतःच बोटाला टोपण चढवून दोन चिमट्या काढल्या आणि म्हणाल्या, “हा तर येतोच आहे की हातात.”

१८ मे, रविवार

पाठीचा मधला भाग आणि उजवी कूस. अंडरकोट दाट कंगव्याने विरळ केला, पूर्ण काढला नाही.

२६ मे, सोमवार

आज पाऊस. हवामान खात्याने मान्सून मुंबईत दाखल झाल्याचं जाहीर केलं. नेहमीची तारीख ११ जूनच्या आसपास, यंदा आजवरच्या नोंदींतलं सर्वांत लवकरचं आगमन. माझ्या हिशेबातले दोन आठवडे गेले. डावी कूस आणि मांड्या जुन्याच मऊ केसांच्या राहिल्या, त्या तशाच घेऊन पावसाळा काढायचा.

८ जून, रविवार

आजची नोंद वाळवण्याची. माझ्या मते मुंबईत लांब केसांच्या कुत्र्याची निगा यावरच टिकते किंवा बिघडते. कात्री कशी चालवायची ते दहा जण सांगतील, वाळवण्याबद्दल कोणी बोलत नाही.

जून ते सप्टेंबर इथली हवाच ओली. कुत्रा “आपोआप वाळेल” म्हणून सोडला तर वरचा केस हाताला कोरडा लागतो आणि आत, त्वचेला लागून, अंडरकोट संध्याकाळपर्यंत दमट असतो. त्या दमट उबेत यीस्ट (एक बुरशी) आणि जिवाणू वाढतात.

आमची पद्धत आता अशी बसली आहे. मोरीतच हाताने पाणी निपटून काढायचं, पायांवरून खाली. मग पंचा. जाड टर्किश टॉवेलपेक्षा धुऊन धुऊन मऊ झालेला सुती पंचा पाणी जास्त ओढतो. चोळायचं नाही, दाबायचं. चोळलं की केस गुंततात आणि गाठी होतात. पहिला पंचा भिजला की दुसरा. मग खोलीचा एसी ड्राय मोडवर टाकून ड्रायर, गारच्या जवळपासच्या सेटिंगवर, हातभर अंतरावरून. एका हाताने ड्रायर, दुसऱ्या हाताने स्लिकर, आणि केसांत भांग पाडत जायचं, म्हणजे प्रत्येक भांगात त्वचा दिसली पाहिजे. त्वचा दिसत नसेल तर हवा तिथपर्यंत पोचत नाही.

शेवटी तपासणी. हाताची मागची बाजू काखेत, जांघेत, हनुवटीखाली, पंज्याच्या बेचकीत लावायची. गार लागलं तर अजून ओल आहे. तळहाताला हे कळत नाही, मागच्या बाजूला लगेच कळतं.

स्ट्रिप केलेली उजवी कूस डाव्या कुशीच्या कितीतरी आधी वाळली. त्यात केस कमी असण्याचाही भाग आहे, नवा केस अजून नखाएवढाच आलाय. पण तो बोटाला टोचतो, आणि हे मला फार बरं वाटलं.

१५ जून, रविवार

फिरण्याबद्दल. आमच्या गल्लीत दोन इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, चिखलात सिमेंट असतं. सिमेंट त्वचेला दाह करतं. वेस्टीचे पाय आखूड, त्यामुळे सगळा चिखल पोटावर. आल्या आल्या चारही पाय आणि पोट साध्या पाण्याने, मग पंचा. प्रत्येक वेळी शाम्पू नको, त्वचेचं तेल निघून जातं.

रेनकोट फक्त मुसळधार असेल तेव्हा. एरवी आत वाफ कोंडते.

तळव्यांमधले केस पंज्याच्या मऊ गाद्यांच्या पातळीला कापले. तिथे केस वाढले की चिखलाचे गोळे धरतात आणि फरशीवर पाय सरकतो.

२९ जून, रविवार

पुढच्या पंज्यांच्या बेचक्यांत तांबूस-तपकिरी रंग आलाय. लाळेतल्या पोर्फिरिन नावाच्या द्रव्याचा हा डाग. डोळ्यांखाली पडतात ते डागही त्याचेच. रंग स्वतः निरुपद्रवी, पण तो सांगतो की कुत्रा रात्री, आपण झोपल्यावर, पंजे चाटतोय. बेचकी उघडून पाहिली : लाल, थोडी चिकट, आंबूस वास. डाव्या काखेतही तेच. स्ट्रिपिंग पूर्ण बंद.

नणंदेने खोबरेल लावायला सांगितलं, मायेनेच. पण हे यीस्ट असेल तर तेलकट त्वचेवर ते पोसतं. नको म्हटलं.

२ जुलै, बुधवार

डॉक्टरांनी पारदर्शक चिकटपट्टी बेचकीत दाबून काढली, काचपट्टीवर रंग दिला आणि मला सूक्ष्मदर्शकातून पाहायला लावलं. जांभळट, मध्ये आवळलेल्या लांबट पेशी, दाटीवाटीने. मॅलेसेझिया. हे यीस्ट निरोगी कुत्र्याच्या अंगावरही थोडं असतंच, ॲलर्जीने आणि ओलीने त्वचा बिघडली की बेसुमार वाढतं.

क्लोरहेक्सिडिन आणि मायकोनॅझोल असलेला शाम्पू, आठवड्यातून दोनदा, फेस अंगावर पूर्ण दहा मिनिटं ठेवायचा. दहा मिनिटांवर त्यांनी दोनदा बोट ठेवलं. लगेच धुतला तर औषधाला काम करायला वेळच मिळत नाही. ॲलर्जीसाठी गोळ्या वेगळ्या.

मी विचारलं, “डॉक्टर, सगळं अंग बारीक करून टाकू का? वाळायला सोपं जाईल.” म्हणाले, “पोट, काखा, जांघा करा. पाठीला आजार नाही, ती तुमची तुम्ही ठरवा.” पाठ ठेवली. जिथे नवा केस आलाय तिथे त्वचा अगदी स्वच्छ आहे, हे त्यांनीही भांग पाडून पाहिलं.

गोचिडांसाठी मानेवर टाकायचं औषध वापरत होतो. आठवड्यातून दोन आंघोळी म्हटल्यावर ते धुऊन जाण्याची भीती, म्हणून त्यांनी चावून खायची गोळी दिली. मुंबईत गोचीड ताप बारमाही, हा भाग ढिला सोडून चालत नाही. तरीही फिरून आल्यावर कानांच्या आत, बोटांमध्ये, गळपट्ट्याखाली कंगवा फिरवायचाच.

१३ जुलै, रविवार

दहा मिनिटांचा प्रश्न आईंनी सोडवला. बत्ताशा मोरीत पाटावर उभा, अंगभर फेस, आणि आई स्टुलावर बसून त्यांचं रोजचं स्तोत्र म्हणतात. ते बरोबर तेवढा वेळ घेतं. त्यांचा एक हात त्याच्या छातीवर असतो, तो हलत नाही. मी तेवढ्यात बेचक्यांमध्ये फेस बोटाने फिरवत राहते, कारण तिथे तो आपोआप पोचत नाही. पाणी कोमट, गरम अजिबात नको, गरमाने खाज वाढते. आणि धुताना पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं. शाम्पू राहिला तर तोच खाजवतो.

माणसांचा शाम्पू, बेबी शाम्पूसुद्धा, वापरत नाही. आपली त्वचा आम्लधर्मी, कुत्र्याची त्यामानाने उदासीनकडे झुकणारी.

२७ जुलै, रविवार

वास गेला. बेचक्या फिकट गुलाबी. आंघोळ आठवड्यातून एकदा.

१९ ऑगस्ट, मंगळवार

कालपासून कोसळतोय. लोकल विस्कळीत, शाळा-कचेऱ्या बंद, हे घरी. साचलेल्या पाण्यात बत्ताशाला नेत नाही. त्या पाण्यातून लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लागण होते, कुत्र्यांना आणि माणसांनाही. लस झाली आहे, तरी नाही. सोसायटीच्या आवारातल्या पोर्चमध्येच उरकलं.

रिकामा दिवस म्हणून नखं. वेस्टीची नखं काळी, आतली रक्तवाहिनी बाहेरून दिसत नाही. त्यामुळे एकदम तुकडा पाडायचा नाही, मिलिमीटरभराच्या चकत्या काढत जायचं आणि प्रत्येक चकतीनंतर कापलेल्या तोंडाकडे पाहायचं. आधी ते कोरडं, खडूसारखं भुरभुरीत असतं. मध्यभागी ओलसर, गडद ठिपका दिसला की थांबायचं, रक्तवाहिनी जवळ आली. पायाच्या आतल्या बाजूचं, वर असलेलं पाचवं नख विसरायचं नाही. ते जमिनीला लागत नाही, झिजत नाही, वळून मांसात शिरतं. तुरटीची डबी उघडावी लागली नाही.

कान पुसले. औषध आत सोडून मुळाशी हळू चोळायचं, त्याला डोकं झटकू द्यायचं, बाहेर आलेला मळ कापसाने टिपायचा. काडी आत घालायची नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

अनंत चतुर्दशी. ढोल-ताशे सुरू व्हायच्या आत सकाळी लवकर फिरवून आणला, तरी खालच्या मंडळाचा गुलाल पाठीवर आणि पायांवर आलाच. वॉचमनकाका म्हणाले, “ताई, लगेच नळाखाली धरा.” नाही धरला. गुलाल ओला झाला की रंग सोडतो आणि पांढऱ्या केसात मुरतो. आधी कोरडाच झटकला, मग मऊ ब्रश केसांच्या दिशेने, पंख्याकडे पाठ करून, त्याच्या डोळ्यांवर पंचा धरून. पाठीवरच्या राठ केसांतून बहुतेक सगळा निघून गेला. मांड्यांवरच्या मऊ केसांत गुलाबी झाक राहिली, ती दोन आंघोळींनी जाईल. याहून चांगली तुलना मला मुद्दाम करूनही करता आली नसती : एकाच कुत्र्याच्या अंगावर, एकाच सकाळी, दोन केस.

आवाजाच्या दिवशी टेबलावर घ्यायचं नाही. खिडक्या लावून आईंच्या पलंगाखाली झोपला.

२१ सप्टेंबर, रविवार

डॉक्टरांनी त्वचा पाहून परवानगी दिली. स्ट्रिपिंग पुन्हा सुरू. डावी कूस आणि मांड्यांचा वरचा भाग. मधल्या महिन्यांत केस चांगला सुटायला आला होता, भराभर निघाला. यांनी पहिल्यांदाच मदत केली. बोटं जाड, चिमटीत एकदम बरेच केस येतात; मी म्हटलं, “कमी धर, कमी.” नंतर जमलं.

आता पाठीवर दर आठवड्याला फक्त सर्वांत लांब झालेले केस काढायचे. अशाने अंगावर कायम निरनिराळ्या वयाचे केस राहतात, कोट कधी पूर्ण उतरत नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

डोकं. वेस्टीचं डोकं शेवंतीच्या फुलासारखं गोल हवं, काळे डोळे आणि नाक मधोमध. कानाचा वरचा तिसरा हिस्सा आखूड ठेवायचा, टोकं टोकदार दिसली पाहिजेत. खालचा केस गोलात मिसळतो. कानाची कड आधी दोन बोटांत धरायची, मग कात्री, म्हणजे पातं बोटाला लागेल पण कानाला नाही. कडेची त्वचा कागदासारखी पातळ असते आणि कापली तर रक्त लवकर थांबत नाही.

डोळ्यांमधले केस विरळणीच्या कात्रीने, टोक नेहमी डोळ्यापासून दूर. गालांवर कंगव्याने केस पुढे ओढायचे, सोडायचे, जो चुकार बाहेर राहील तोच कापायचा. मागे उभं राहून पाहायचं. पुन्हा थोडं. याला मला सगळ्यांत जास्त वेळ लागला आणि सगळ्यांत जास्त आनंदही इथेच झाला. पार्लरचा सपाट गोळा जाऊन त्याचा चेहरा त्याला परत मिळालाय असं वाटलं.

दाढीचे पिवळट डाग जेवणाचे आणि लाळेचे. जेवल्यावर आणि पाणी प्यायल्यावर ओल्या फडक्याने पुसून कोरडी करायची. ब्लीच, पेरॉक्साइड असलं काही चेहऱ्याजवळ नाही. स्टीलचं पसरट भांडं ठेवलंय, दाढी कमी बुडते.

दात रोज घासतो, कुत्र्यांच्याच पेस्टने. आपल्या काही पेस्टमध्ये झायलिटॉल असतं, ते कुत्र्यांना विषारी.

९ नोव्हेंबर, रविवार

स्थिती. मान, खांदे, पाठ, उजवी कूस : नवा केस साडेचार-पाच सेंटिमीटर, राठ, अंगाला चपटा बसणारा. डाव्या कुशीवरचा अजून आखूड. आंघोळीनंतर वाळवण्याचा वेळ निम्म्याहून कमी. डाव्या खांद्यावर हाताच्या पंजाएवढा भाग अजून मऊच आहे, दोनदा काढूनही तसाच उगवला. इतकी वर्षं मशीन चाललेल्या कोटात असा एखादा भाग राहतो. त्याच्यामागे लागून त्वचा दुखवणार नाही.

पोट, काखा, जांघा यापुढेही क्लिपरनेच. तिथली त्वचा पातळ, ॲलर्जी पहिल्यांदा तिथेच दिसते, आणि हवा लागणं शोभेपेक्षा महत्त्वाचं. पातं मिनिटामिनिटाला माझ्या मनगटाला लावून पाहायचं, तापलं की बंद, तेलाचा थेंब, पुन्हा. पायांवरचा आणि पोटाच्या कडेचा लांब झालर केस कात्रीने, जमिनीपासून दोन बोटं वर.

थंडीत हवा कोरडी, त्यामुळे आंघोळ पंधरा दिवसांतून एकदा, स्ट्रिपिंग दर रविवारी थोडंसं. एप्रिलअखेरीस मोठी बैठक घ्यायची, म्हणजे यंदासारखा पाऊस लवकर आला तरी दोन्ही कुशी तयार असतील. रबरी टोपणं फाटली आहेत, नवी आणायची, एक जोडी आईंच्या मापाची.